कागद जाळावा की वाचावा? : कर्ज वाढण्याची आणि फिटण्याची रीत



ज्या विषयावर घराघरांत हलक्या आवाजात बोलले जाते, तो विषय आज या व्यासपीठावरून मोठ्याने मांडावयाचा आहे. कर्ज हा तो विषय. राज्याच्या तिजोरीवरील कर्ज किंवा उद्योगसमूहांची थकबाकी यांची चर्चा वर्तमानपत्रे करतातच. येथे विचार करावयाचा आहे तो एका पगाराच्या, एका दुकानाच्या किंवा एका सातबाऱ्याच्या आधारे काढलेल्या कर्जाचा. असे कर्ज वाढते कसे, फिटते कसे, आणि फिटल्यावर पुन्हा डोके वर काढू नये म्हणून पैशाची व्यवस्था कशी लावावी, हे तीन प्रश्न क्रमाने घेतले जातील. तिन्ही प्रश्नांच्या तळाशी असलेले विधान मात्र प्रारंभीच सांगून ठेवणे बरे. ते असे की, माणूस कर्ज काढल्याने जितका अडकतो त्याहून अधिक तो काढलेले कर्ज पालटत राहिल्याने अडकतो. आणि हे पालटणे थांबवावयाचे असेल तर स्वतःच्या नावावरचा कागद स्वतः वाचावा लागतो.

‘पालटणे’ हा शब्द मुद्दाम योजला आहे. सावकारी व्यवहारात कर्जाच्या लेखी दस्तऐवजाला रोखा म्हणत. जुना रोखा रद्द करून, त्यावर साचलेले व्याज मुद्दलात मिळवून, वाढलेल्या रकमेचा नवा रोखा लिहून घेणे म्हणजे रोखा पालटणे. या व्यवहारात कर्जदाराच्या हाती नवा पैसा पडतोच असे नाही. पडतो तो फक्त नवा आकडा. या साध्या दिसणाऱ्या कृतीने एकेकाळी दख्खनचे दोन जिल्हे पेटवले होते, म्हणून पहिल्या प्रश्नाच्या उत्तरासाठी दीडशे वर्षे मागे जावे लागते.

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे, बाजारच्या दिवशी, भोवतालच्या गावांतील शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली. पुढे हे लोण पुणे आणि अहमदनगर या जिल्ह्यांतील अनेक गावांत पोहोचले. ‘दख्खनचे दंगे’ या नावाने इतिहासात नोंदलेल्या या उठावाचे एक वैशिष्ट्य अभ्यासकांनी वारंवार टिपले आहे: जमावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर अधिक होता. कर्जरोखे आणि न्यायालयाचे हुकूमनामे मागितले जात, हाती आले की जाळले जात, आणि ते मुकाट्याने मिळाले तर मारहाणीपर्यंत गोष्ट सहसा जात नसे. संतापलेल्या जमावाला कागदच का हवे होते?

त्याचे उत्तर त्या कागदांच्या घडणीत आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे 1861 ते 1865 या वर्षांत, तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, दख्खनच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला आणि भावाबरोबर शेतकऱ्याची पतही वाढली, म्हणजे त्याला कर्ज सहज मिळू लागले. युद्ध संपताच भाव कोसळले. त्याच सुमारास जमीनमहसुलाची फेरआकारणी होऊन अनेक तालुक्यांत सारा वाढला. उत्पन्न उतरले, देणे चढले, आणि मधली फट भरण्यासाठी सावकाराचे दार उरले. त्यातच 1859 च्या मुदतीच्या कायद्याने अशा रोख्यांवर दावा लावण्याची मुदत तीन वर्षांवर आणली होती. वर्षानुवर्षे व्याज साचू नये हा त्या कायद्याचा हेतू. प्रत्यक्षात घडले ते नेमके उलटे, कारण आपला दावा मुदतीबाहेर जाऊ नये म्हणून सावकार दर तीन वर्षांनी रोखा पालटून घेऊ लागला.

याचा हिशेब मांडून पाहावा. शंभर रुपये शेकडा दोन दराने, म्हणजे महिन्याला दोन टक्क्यांनी घेतले आणि काहीच फेडले नाही, तर तीन वर्षांचे सरळ व्याज 72 रुपये होते. रोखा पालटला की मुद्दल 172 होते. सहा वर्षांनी ते सुमारे 296 आणि नऊ वर्षांनी सुमारे 509 होते. नऊ वर्षांत कर्जदाराने एक पैसाही नव्याने घेतलेला नाही, तरी कर्ज पाचपट झाले. हिंदू कायद्यात दामदुपटीचा एक जुना नियम होता, ज्यानुसार एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाच्या रकमेपेक्षा अधिक असता कामा नये. परंतु रोखा पालटला की व्याजच मुद्दलाचे सोंग घेऊन उभे राहते आणि नियमाचे कुंपण कागदावरच राहते. ज्याला अक्षर येत नाही तो अशा रोख्यावर नांगराची निशाणी करीत असे. काय लिहिले आहे ते त्याला कोण वाचून दाखवणार? बहुधा ज्याने लिहून घेतले तोच.

येथे एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे, कारण कर्जबाजारी माणसाकडे बोट दाखवण्याची घाई आजही होते. लग्नकार्ये आणि सणवार यांवरील उधळपट्टीमुळे शेतकरी बुडाला, असे त्या काळीही सर्रास म्हटले जाई. परंतु दंग्यांच्या चौकशीसाठी सरकारनेच नेमलेल्या आयोगाने या कारणाला अवास्तव महत्त्व दिले गेले असल्याचे नोंदवले. ‘ऋण काढून सण’ ही म्हण खोटी नाही, पण ती अपुरी आहे. अनेक घरांत आधी उत्पन्न खचते किंवा आजारपण येते, मग कर्ज येते, आणि उधळपट्टीचा ठपका सर्वांत शेवटी येतो. ज्या घराचे उत्पन्नच किमान गरजांना पुरत नाही, त्याला काटकसरीचे प्रवचन देणे हा उपाय नव्हे. तेथे प्रश्न उत्पन्नाचा, सार्वजनिक आरोग्यसेवेचा आणि शेतमालाच्या भावाचा असतो. आजचे विवेचन त्या प्रश्नांची जागा घेऊ इच्छीत नाही. ज्यांच्या हाती थोडा तरी वाव आहे, त्यांनी तो वाव व्याजात कसा जिरू देऊ नये, एवढाच त्याचा आवाका आहे.

दंग्यांनंतर 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला, तो ‘डेक्कन अॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अॅक्ट’. त्यातील दोन तरतुदी या विषयाच्या दृष्टीने फार बोलक्या आहेत. पहिलीनुसार न्यायालयाला रोख्यावरच्या आकड्यापाशी न थांबता व्यवहाराचा मुळापासूनचा इतिहास तपासता येऊ लागला, म्हणजे मूळ रक्कम किती, व्याज किती आणि पालटलेले रोखे किती, हे विचारता येऊ लागले. दुसरीनुसार फेडीची लेखी पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क कर्जदाराला मिळाला. (पासबुक हा शब्द आज बँकेच्या खिडकीशी जोडला गेला आहे, या मुलखात त्याची एक वाट जळालेल्या रोख्यांच्या राखेतून आलेली आहे.) महात्मा फुले यांनी 1883 मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना शेतकऱ्याच्या दैन्याचा धागा त्याच्यापासून दूर ठेवलेल्या विद्येशी जोडला, तोही याच पार्श्वभूमीवर. कागद जाळल्याने राग शमला असेल. हिशेब मागण्याचा हक्क मात्र पुढे उपयोगी पडला.

आता याच पहिल्या प्रश्नाची आजची बाजू. रोखा पालटण्याची ही रीत इतिहासजमा झाली आहे काय? झालेली नाही. नांगराची निशाणी गेली, अंगठा गेला, आता मोबाइलवर चार-सहा आकडी ओटीपी टाकला की काम होते. पण व्याज मुद्दलात मिसळण्याची किंवा मुद्दल जागच्या जागी ठेवून व्याज घेत राहण्याची रीत निरनिराळ्या नावांनी चालू आहे. त्यांतील चार रूपे पाहू.

पहिले रूप क्रेडिट कार्डावरील ‘किमान देय रकमे’चे. कार्डावर 50,000 रुपये देणे आहे, व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे आणि किमान देय रक्कम बाकीच्या पाच टक्के आहे, असे धरावे. पहिल्या महिन्यात किमान रक्कम 2,500 रुपये भरली जाते. त्यातील 1,750 व्याजात जातात आणि बाकी फक्त 750 रुपयांनी उतरते. व्याजावरील कर तर यात धरलेलाच नाही. पुढच्या महिन्यात बाकी किंचित कमी, म्हणून किमान रक्कमही किंचित कमी. कर्जदाराला वाटते, ओझे हलके होत आहे. या गतीने बाकी 50,000 वरून 25,000 वर यायला 46 महिने लागतात आणि तेवढ्या काळात सुमारे 58,000 रुपये नुसत्या व्याजापोटी जातात. ‘किमान’ हा शब्द सवलतीचा वाटतो. सवलत कोणाला?

दुसरे रूप ‘टॉप-अप’ कर्जाचे. चालू कर्ज अर्धे फिटत आले की फोन येतो, नियमित फेडीबद्दल अभिनंदन होते, आणि जुने कर्ज मिटवून वर काही रोख हाती देणारे, नव्या मुदतीचे मोठे कर्ज देऊ केले जाते. मुदत पुन्हा पहिल्या महिन्यापासून सुरू होते आणि समान हप्त्यांच्या रचनेत सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचाच वाटा अधिक असल्याने, मुद्दल उतरण्याची वेळ येते तेव्हाच घड्याळाचे काटे मागे फिरवले जातात. 1875 च्या सुप्यातील शेतकऱ्याला हा व्यवहार समजावून सांगण्याची गरज पडली नसती.

तिसरे रूप गृहकर्जाच्या बदलत्या व्याजदराचे, आणि ते सर्वांत निःशब्द आहे. एखाद्याने 30 लाख रुपये वीस वर्षांसाठी 7 टक्क्यांनी घेतले, तर हप्ता 23,259 रुपये येतो. वर्षभराने मुद्दल साधारण 29 लाख 29 हजारांवर आलेले असते. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या नऊ-दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ज्या दराने ती बँकांना अल्पमुदतीचा पैसा देते तो दर, 4 टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला. हीच अडीच टक्क्यांची वाढ या कर्जावर बसली तर महिन्याचे व्याज सुमारे 23,185 रुपये होते, म्हणजे हप्त्यातून मुद्दलात जातात ते जेमतेम 75 रुपये. हप्ता तोच राहतो आणि मुदत लांबत जाते. हप्ता वाढलेला नसल्याने कर्जदाराला काही घडल्याचे कळतही नाही. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने असे निर्देश दिले की, दर बदलल्यावर त्याचा परिणाम कर्जदाराला कळवावा आणि हप्ता वाढवावयाचा, मुदत वाढवावयाची की दोहोंची सांगड घालावयाची, ही निवड त्याला द्यावी. निवड मिळते, परंतु पत्र वाचणाऱ्यालाच.

चौथे रूप ‘फ्लॅट’ दराचे, म्हणजे सपाट दराचे. घटत्या शिलकेवरील व्याज उरलेल्या मुद्दलावर आकारले जाते. सपाट दरात ते अखेरपर्यंत मूळ रकमेवरच आकारले जाते. एक लाख रुपये तीन वर्षांसाठी 12 टक्के सपाट दराने घेतले तर व्याज 36,000 आणि हप्ता सुमारे 3,778 रुपये होतो. घटत्या शिलकेच्या हिशेबाने हा दर 12 नसून सुमारे 21 टक्के भरतो. आकडा खोटा नसतो. फक्त तो निराळ्या मापाने मोजलेला असतो, आणि माप कोणते हे विचारण्याची सवय नसते. ज्या कर्जात प्रक्रिया शुल्क आणि विम्याचा हप्ता आधीच कापून उरलेली रक्कम हाती दिली जाते, तेथे तर खरा दर याहूनही चढा असतो. या सर्वांवर उतारा म्हणून 1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ मुदत कर्जांसाठी बँका आणि वित्त कंपन्यांनी कर्जदाराला ‘महत्त्वाच्या बाबींचे विवरणपत्र’ देणे रिझर्व्ह बँकेने आवश्यक केले आहे. त्यात सर्व शुल्कांसह वार्षिक दर लिहावा लागतो आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे लागते. म्हणजे मराठी कर्जदाराला हे विवरणपत्र मराठीत मागता येते. किती जण मागतात?

श्रोतेहो, दुसरा प्रश्न सुटकेचा. येथे चमत्कार नाहीत, क्रम आहे. आणि क्रम चुकला की कष्ट वाया जातात.

क्रमातील पहिली पायरी मांडणीची. एका कागदावर प्रत्येक कर्जासमोर पाच गोष्टी लिहाव्यात: देणे कोणाचे, मुद्दल किती उरले, वार्षिक दर किती, हप्ता किती आणि तारण किंवा जामीनदार कोण. यात बँकेच्या कर्जाबरोबर पतसंस्थेचे कर्ज, सोनेतारण, किराणा दुकानातील उधारी, भिशीतून आधी उचललेली रक्कम आणि मेहुण्याकडून घेतलेले हातउसने पैसेही यावेत, कारण बिनव्याजी देण्याचीही एक किंमत असते आणि ती नात्यात मोजली जाते. जी कर्जे आठवत नाहीत ती पतअहवालात दिसतात; पतमाहिती कंपन्यांकडून प्रत्येकाला वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. हा कागद घरातील सर्व प्रौढांसमोर ठेवला जावा. लपवलेले कर्ज लपवण्यासाठी नवे कर्ज काढावे लागते, आणि घरातल्या घरात होणारी रोख्याची ही पालट सर्वांत महाग पडते.

दुसरी पायरी थांबण्याची. गळक्या हौदात पाणी भरण्यात अर्थ नसतो. फेड सुरू करण्यापूर्वी नवी उधारी बंद व्हावी लागते. कार्ड फाडून टाकणे आवश्यक नसेल, पण ते मोबाइलमधील खरेदीच्या अॅपमधून काढून टाकणे आवश्यक आहे. त्याचबरोबर निदान एका महिन्याच्या घरखर्चाएवढी रक्कम बाजूला ठेवावी, नाहीतर पहिल्याच तापाच्या औषधासाठी कार्ड पुन्हा बाहेर येते.

तिसरी पायरी फेडीच्या क्रमाची. सर्व कर्जांचे ठरलेले हप्ते भरून जी रक्कम उरेल, ती कोणत्या कर्जावर टाकावी? गणिताचे उत्तर निःसंदिग्ध आहे: ज्याचा दर सर्वांत चढा, त्यावर. हजार रुपये 42 टक्क्यांच्या कर्जावर टाकले तर वर्षाला 420 रुपये व्याज वाचते. 9 टक्क्यांच्या गृहकर्जावर टाकले तर 90. काही जण सर्वांत लहान कर्ज आधी संपवतात, कारण एक खाते बंद झाल्याने उमेद वाढते; उमेदीलाही मोल आहे, म्हणून हा मार्ग सरसकट चुकीचा ठरत नाही, मात्र त्याची किंमत व्याजात द्यावी लागते हे जाणून तो निवडावा. याहून मोठी चूक निराळीच असते. 50,000 रुपयांची मुदत ठेव 7 टक्क्यांनी ठेवून वर्षाला 3,500 रुपये मिळवणारे घर त्याच वेळी कार्डावरच्या 50,000 साठी 21,000 रुपये व्याज देत असते. ठेव मोडणे मराठी मनाला दागिना मोडण्यासारखे वाटते. तथापि अशी ठेव ही ठेव नसून गळती असते.

याच पायरीवर एक प्रश्न उरतो: पालटणे नेहमीच वाईट काय? तसे नाही. पालट चांगली की वाईट हे तीन कसोट्यांनी ठरते: दर उतरला काय, एकूण द्यावयाची रक्कम कमी झाली काय, आणि जुने खाते खरोखर बंद झाले काय. कार्डावरचे तेच 50,000 रुपये 15 टक्क्यांच्या दोन वर्षांच्या कर्जात पालटले तर हप्ता सुमारे 2,424 रुपये येतो, एकूण 58,000 च्या आसपास रक्कम द्यावी लागते आणि 24 महिन्यांत विषय संपतो. असे कर्ज मिळाले नाही तरीही उपाय आहे: किमान रक्कम दरमहा घटत गेली तरी पहिल्या महिन्याचे 2,500 रुपये तसेच भरत राहावे. नवी खरेदी नसेल तर, कर वगळता, सुमारे 35 महिन्यांत तेच कार्ड कोरे होते. घटणाऱ्या हप्त्याने चार वर्षांत अर्धे, आणि न घटणाऱ्या हप्त्याने तीन वर्षांच्या आत पूर्ण. फरक फक्त कोणी सांगितलेली रक्कम भरली, एवढाच.

चौथी पायरी बोलण्याची. हप्ता थकण्याची चिन्हे दिसताच कर्ज देणाऱ्या संस्थेला लेखी कळवून मुदतीची किंवा हप्त्याची पुनर्रचना मागावी. मौनाने थकबाकी वाढते आणि बाजू कमकुवत होते. कर्ज थकणे हा दिवाणी विषय आहे, तो स्वतःहून फौजदारी गुन्हा ठरत नाही. मात्र दिलेला धनादेश न वटणे हा कायद्याने गुन्हा ठरू शकतो, म्हणून भीतीपोटी तारखा टाकून धनादेश देऊ नयेत. वसुलीसाठी सकाळी 8 पूर्वी आणि सायंकाळी 7 नंतर फोन करू नयेत, धमकी देऊ नये, नातेवाइकांसमोर मानहानी करू नये, अशी रिझर्व्ह बँकेची बंधने आहेत. संस्थेकडे लेखी तक्रार करून 30 दिवसांत निवारण न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. विनापरवाना सावकारी तर महाराष्ट्राच्या 2014 च्या कायद्यानुसार गुन्हाच आहे. एकरकमी तडजोडीने कर्ज मिटवणे शक्य असते, परंतु पतअहवालात ते ‘बंद’ असे न दिसता ‘तडजोडीने मिटवलेले’ असे दिसते आणि पुढील कर्जाच्या वेळी त्याचा जाब द्यावा लागतो.

या ठिकाणी जामीनदाराविषयी दोन शब्द बोलणे भाग आहे, कारण महाराष्ट्रात पतसंस्थांचे जाळे दाट आहे आणि ‘फक्त सही कर, बाकी मी बघतो’ हे वाक्य त्याहून दाट पसरलेले आहे. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 128 नुसार, करारात निराळे काही नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. याचा अर्थ असा की संस्थेने आधी कर्जदाराच्या मागे लागावे आणि मगच जामीनदाराकडे यावे, अशी हमी कायदा देत नाही. जामीन राहणे म्हणजे पैसे न मिळालेले कर्ज घेणे होय. सही करण्यापूर्वी एकच विचारावे: हे पूर्ण कर्ज स्वतःच्या खिशातून फेडण्याची तयारी आहे काय? उत्तर नकारार्थी असेल तर नात्याला सहीपेक्षा नकार कमी दुखावतो.

आता तिसरा आणि शेवटचा प्रश्न, कर्ज फिटल्यानंतरचा. कर्ज फिटते त्या महिन्यात हप्त्याएवढी रक्कम मोकळी होते, आणि ती कोठे जाते यावर पुढील दहा वर्षे ठरतात. तिची सवय मोडू न देता ती बचतीकडे वळवावी. वर्षाचे ठाऊक असलेले खर्च, म्हणजे जूनमधील शाळेची फी, विम्याचे हप्ते, दिवाळी, गावची जत्रा आणि घरातले ठरलेले कार्य, यांची बेरीज करून तिला बाराने भागावे व तेवढी रक्कम दरमहा निराळ्या खात्यात टाकावी. दिवाळी दरवर्षी येते. तिला आकस्मिक खर्च म्हणणे कठीण आहे. खरोखर आकस्मिक असलेल्या गोष्टींसाठी तीन ते सहा महिन्यांच्या खर्चाएवढी शिल्लक, आरोग्यविमा आणि कमावत्या व्यक्तीचा साधा मुदत विमा, हे तीन खांब पुरेसे असतात. गुंतवणूक त्यानंतर.

पैसा कोठे ठेवावा, याचाही कागद वाचावा. बँकेतील ठेवींना, सहकारी बँकाही धरून, ठेव विमा महामंडळाचे संरक्षण आहे. 4 फेब्रुवारी 2020 पासून त्याची मर्यादा दर ठेवीदारामागे दर बँकेत 5 लाख रुपये आहे. सहकारी पतसंस्थेतील ठेवींना हे संरक्षण नाही, आणि भिशीला तर माणसांच्या शब्दापलीकडे काहीच नाही. दोन्ही पाट्यांवर ‘सहकारी’ लिहिलेले असते. फरक पाटीवर नसतो. एक टक्का अधिक व्याजासाठी हा फरक नजरेआड करणे हाही एक प्रकारे न वाचता केलेला अंगठाच होय.

चक्रवाढीचा एक ठोकताळा अनेकांना ठाऊक असेल: 72 ला वार्षिक दराने भागले की रक्कम दुप्पट व्हायला लागणारी वर्षे अदमासे कळतात. सात टक्क्यांची ठेव दहा वर्षांच्या थोड्या पुढे दुप्पट होते. महिन्याला साडेतीन टक्क्यांचे न भरलेले देणे वीस महिन्यांत दुप्पट होते. चक्र एकच आहे. एकाच्या बाजूने ते सावकाश फिरते, दुसऱ्याच्या विरुद्ध वेगाने. म्हणून बचतीची घाई करण्याआधी महाग कर्जाची घाई करावी लागते.

एक गोष्ट मात्र एकट्याच्या शिस्तीने साधत नाही. सहकारी पतपुरवठ्याचा पहिला कायदा 1904 मध्ये झाला तो, एकट्या कर्जदाराला सावकारासमोर भाव करता येत नाही हे ओळखून. आणि 1992 मध्ये नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडण्याचा कार्यक्रम सुरू केला, त्यामागेही हीच ओळख होती. नीट चालणाऱ्या बचत गटाच्या बैठकीत एक साधी रीत असते: कोणाची बचत किती, कोणी किती उचल केली, कोणाचा हप्ता राहिला, हे सर्वांसमोर मोठ्याने वाचले जाते आणि वहीत लिहिले जाते. ज्यांना आकडेमोड अवघड वाटे अशा असंख्य स्त्रियांनी हिशेबाची भाषा अशा बैठकांत आत्मसात केली आहे. गटाच्या वहीला जमते ते सुशिक्षित कुटुंबाच्या जेवणाच्या टेबलाला का जमू नये?

थोडक्यात सारांश असा. कर्ज वाढते ते व्याज मुद्दलात मिसळल्याने, मग त्याला रोखा पालटणे म्हणा, किमान रक्कम म्हणा किंवा मुदतवाढ म्हणा. ते फिटते ते मांडणी, थांबणे, क्रम आणि वेळीच बोलणे या चार पायऱ्यांनी. ते पुन्हा येत नाही, निदान सहजी येत नाही, ते ठरलेल्या खर्चाची आधी तरतूद आणि ठेवीच्या जागेची पारख केल्याने. आणि या तिन्हींच्या तळाशी वाचलेला कागद असतो.

शेवटचा कागद मात्र विसरला जाऊ नये. कर्ज पूर्ण फिटल्यावर बेबाकीचा दाखला घ्यावा, पतअहवालात खाते बंद झाल्याची नोंद तपासावी आणि तारण ठेवलेल्या मालमत्तेची मूळ कागदपत्रे ताब्यात घ्यावीत. 1 डिसेंबर 2023 पासून बँकांनी ही कागदपत्रे 30 दिवसांच्या आत परत करावयाची आहेत आणि स्वतःच्या चुकीने विलंब केल्यास दर दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यावयाची आहे. सुप्याच्या बाजारात जो कागद हिसकावून घ्यावा लागला, तो आज मागून मिळतो. तो घरी आल्यावर जाळू नये. मुलांसमोर एकदा वाचावा आणि मग कपाटात ठेवावा.